गणित शिकवून काय उपयोग?

दोस्तांनो, चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री गणिताची वही पुढ्यात घेऊन 'हे शिकून काय उपयोग?' असं तुम्ही कधी ना कधी म्हटलंच असेल. मीही म्हणत असे. त्यावर आई 'आधी हातचा मिळव' एवढंच सांगायची. मी चडफडत हातचा मिळवायचो.

पण हाच प्रश्न एखाद्या देशाच्या मंत्र्यानं विचारला तर? आणि तोही भर संसदेत?

तसं खरंच झालं होतं. साल १९५३, देश दक्षिण आफ्रिका. तिथे राज्य मूठभर गोऱ्यांचं. काळ्या लोकांना मत नाही, हवं तिथे राहता येत नाही, शहरात फिरायचं तर खिशात पास हवा. काळ्या लोकांचा कारभार पाहणारे मंत्री होते हेन्ड्रिक फरवूर्ट. त्यांचं म्हणणं असं, की काळ्या मुलाला गणित शिकवून उपयोग काय, ते त्याला पुढे वापरायचं तर नाहीच! आता ते वापरायची संधी द्यायची नाही, हे ठरवणारेही तेच, बरं का.

गंमत पाहा. त्याच देशात, ज्या जोहान्सबर्गमध्ये गांधीजींनी वकिली केली त्याच शहरात, एक शाळा होती. फरवूर्टसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या मुलांनी पंधरा वर्षं आधीच देऊन ठेवलं होतं.

शाळेचं नाव सेंट पीटर्स. रोझेटनव्हिल या भागात १९२२ साली ती सुरू झाली. चालवत होते इंग्लंडहून आलेले अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू. हे लग्न न करता, एकत्र राहणारे, लांब झगे घालणारे साधूच म्हणा ना. शिक्षकांच्या पगाराला सरकारी अनुदान मिळे, पण शाळा चर्चची. वसतिगृहही होतं. अभ्यासक्रम गोऱ्या मुलांचाच, परीक्षाही त्यांचीच. लोक या शाळेला 'काळ्यांचं ईटन' म्हणत. ईटन म्हणजे इंग्लंडमधली बड्या घरच्या मुलांची प्रसिद्ध शाळा. मला स्वतःला हे टोपणनाव तितकंसं पटत नाही. कारण सेंट पीटर्समध्ये लाटसाहेबांची मुलं नव्हतीच. एझेकिएल म्फाहलेले नावाचा एक मुलगा तिथे होता. पुढे तो मोठा लेखक झाला. त्याची आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची आणि त्या पैशांतून मुलाला शिकवायची.

आणि होता ऑलिव्हर टाम्बो. दूरच्या खेड्यातून आलेला, शेतकऱ्याचा मुलगा. १९३८ साली मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा ऑलिव्हर आणि त्याच्याच शाळेतला जोसेफ मोकोएना हे दोघेही पहिल्या वर्गात आले. काळ्या मुलांनी तिथे असं यश मिळवण्याची ही पहिलीच वेळ. बातमी देशभर झाली, ऑलिव्हरला कॉलेजसाठी शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात मात्र विद्यार्थ्यांच्या एका संपात त्याला काढून टाकलं. आता जायचं कुठे? त्याच्या जुन्या शाळेनं त्याला बोलावून घेतलं. १९४३ पासून टाम्बो सर सेंट पीटर्समध्ये शिकवू लागले. विषय कोणते म्हणता? विज्ञान आणि... गणित!

त्यांच्या वर्गात ड्यूमा नोक्वे नावाचा एक विद्यार्थी होता. हा मुलगा १९५६ साली ट्रान्सवाल प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयातला पहिला काळा बॅरिस्टर झाला. आणि खुद्द टाम्बो सर? त्यांनीही पुढे वकिली केली. १९५२ साली जोहान्सबर्गमध्ये त्यांनी आपल्या मित्रासह ऑफिस थाटलं. दारावर पाटी होती, 'मंडेला आणि टाम्बो'. हो, तेच नेल्सन मंडेला!

१९४९ साली शाळेची सूत्रं फादर ट्रेव्हर हडलस्टन यांच्याकडे आली. उंच, सडसडीत, मुलांचे भारी लाडके. त्यांच्या शाळेत ह्यू मासेकेला नावाचं एक कार्टं होतं. कार्टंच म्हणतो, कारण त्याच्या खोड्यांना सगळे शिक्षक विटले होते. शेवटी फादरनी त्याला समोर बसवून विचारलं, "बाबा रे, तुला नेमकं हवंय तरी काय?" ह्यू नुकताच एका ट्रम्पेटवाल्याचा अमेरिकन सिनेमा पाहून आला होता. तो म्हणाला, "मला एक ट्रम्पेट मिळाला, तर मी पुन्हा कुणाला त्रास देणार नाही." तुमच्या-माझ्या नशिबी काय आलं असतं ते सांगायला नको. फादर मात्र गेले आणि त्यांनी ट्रम्पेट आणला. शिकवायला एक वादकही शोधला. (आईबाबांनो, हे वाचून तुमच्या घरी मागणी झाली तर कृपया माझ्याकडे बोट दाखवू नका!)

मग काय, बाकीच्या मुलांनाही वाद्यं हवी झाली. हळूहळू मुलांचा आख्खा बँडच उभा राहिला, 'हडलस्टन जॅझ बँड'. पुढे फादरनी अमेरिकेत थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांना या मुलांबद्दल सांगितलं, आणि १९५६ साली आर्मस्ट्राँगनी आपला एक ट्रम्पेट थेट जोहान्सबर्गला पाठवून दिला. तो हातात धरून आनंदानं हवेत उडी मारलेल्या ह्यूचा एक फोटो आहे. मिळाला तर जरूर पाहा. हाच ह्यू पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झाला.

पण ज्या वर्षी तो ट्रम्पेट आला, त्याच वर्षाच्या अखेरीस शाळा बंद झाली.

कारण १९५३ चा तो कायदा, 'बांटू एज्युकेशन ॲक्ट'. बांटू हा सरकारनं काळ्या लोकांसाठी वापरलेला शब्द. काळ्या मुलांच्या सगळ्या शाळा आता फरवूर्टसाहेबांच्या खात्याखाली. अभ्यासक्रम वेगळा, मुलं मजूर आणि नोकर होतील इतपतच. खर्चही गोऱ्या मुलाच्या मानानं कितीतरी कमी. परवानगीशिवाय शाळा चालवणं हा गुन्हा. चर्चच्या शाळांपुढे वाटा थोड्याच होत्या: शाळा सरकारच्या हाती द्या, नाहीतर कुलूप लावा.

इथे चांगल्या चांगल्या माणसांत मतभेद झाले. बऱ्याच बिशपांनी इमारती सरकारला दिल्या. ते म्हणाले, मुलांनी रस्त्यावर भटकण्यापेक्षा वाईट का होईना, शाळा बरी. जोहान्सबर्गचे बिशप अँब्रोज रीव्हज यांनी मात्र आपल्या शाळा बंद केल्या. हडलस्टनही त्याच मताचे, की मुलांना गुलामीचे धडे देण्यात आपण भागीदार व्हायचं नाही. त्यांच्या संघानं परत बोलावल्यामुळे १९५६ च्या सुरुवातीला ते निघून गेले आणि वर्ष संपता संपता सेंट पीटर्सची शेवटची घंटा झाली.

मला हा निर्णय शूरपणाचा वाटतो. पण खरं सांगू? तेव्हा मधल्या इयत्तेत असलेल्या मुलांचा विचार मनात आला, की माझं उत्तर डळमळतं. तत्त्व मोठ्यांचं होतं, शाळा मुलांची बुडाली.

१९५८ साली त्याच जागेवर सेंट मार्टिन्स ही दुसरी अँग्लिकन शाळा सुरू झाली, ती गोऱ्या मुलांसाठी! पुढे तिचे दरवाजे सर्वांना उघडले आणि आता तिथे सगळ्या वर्णांची मुलंमुली शिकतात. टाम्बो सरांनी तीस वर्षं देशाबाहेर राहून लढा चालवला. १९९३ साली ते वारले, पुढच्याच वर्षी देशात सर्वांना मत मिळालं. कधी जोहान्सबर्गला गेलात तर विमानतळावरची पाटी वाचा. २००६ पासून त्या विमानतळाला या गणिताच्या मास्तरांचंच नाव आहे.

आता तुमची पाळी. तुम्ही १९५६ साली सेंट पीटर्सचे मुख्याध्यापक असतात, तर शाळा सरकारला दिली असतीत की कुलूप लावलं असतंत? आईबाबांशी थोडं भांडून घ्या आणि मला पत्रानं कळवा. कारण लिहायला विसरू नका. नुसतं उत्तर लिहिलंत तर गणितासारखे अर्धेच गुण!