दुखणं किती दिवस अंगावर काढायचं?

हसनाबादला शेतमजूर बायकांच्या बैठकीत मी विषय मांडला होता मजुरीचा. बोलणं मात्र तासभर चाललं ते कंबरेवर. बोलता बोलता एकेकीचा हात पाठीकडे जात होता. शेवटी मी अंग ताणण्याचे चार व्यायाम करून दाखवले. तेव्हा मागून एक पन्नाशीची बाई म्हणाली, "ताई, दिवसभर खुरपून आल्यावर आमच्या जिवाला आणिक व्यायाम कशाला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उत्तर सुचलं नाही. समाजकार्याची पदवी घेताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

काम आणि व्यायाम एक नव्हे. खुरपताना आपण उकिडव्या बसतो, कापूस वेचताना वाकतो. तेच स्नायू तासन्‌तास एकाच स्थितीत आखडून राहतात. घरी आलं की चुलीपुढे, भांड्यांपुढे पुन्हा तेच वाकणं. ताणण्याचे व्यायाम अंगाला उलट दिशेला नेतात. उभं राहून कंबरेवर हात ठेवायचे आणि हळूच मागे झुकायचं. झाडाला हात टेकून एक पाय मागे न्यायचा, टाच उचलायची नाही, की पोटरी ताणते. मान आधी एका खांद्याकडे झुकवायची, मग दुसऱ्या. रात्री पाठीवर पडून गुडघे पोटाशी घ्यायचे. प्रत्येक ताण २० आकडे मोजेपर्यंत. हिसका नको, श्वास रोखणं नको. ताण जाणवावा, कळ येऊ नये. फरक पडायला काही आठवडे नेमाने करावं लागतं. मात्र पाय बधिर होत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायामावर विसंबू नका. लगेच दवाखाना गाठा.

एवढी साधी माहिती बाईपर्यंत पोहोचत नाही, त्याची किंमत ती शरीराने मोजते. कंबर दुखते म्हटलं की घरचे म्हणतात, वय झालं. दुकानातली गोळी घेऊन ती पुन्हा रानात जाते. कुणी सांगतं, पिशवीचाच दोष आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून केवढा गदारोळ झाला, हे आपण विसरलेलो नाही. २०१९ साली राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जिथे एक दिवस चुकला की खाडा कापला जातो, तिथे दुखण्यावर पहिला उपाय विश्रांती हा असूच शकत नाही.

म्हणूनच मला माझ्याच शिकवण्याची भीती वाटते. चार व्यायाम शिकवून आपण निघून आलो, तर उद्याच्या ओझ्यासाठी बाईची पाठ तयार करून देण्यापलीकडे आपण काय केलं? कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनाही आखूड दांड्याच्या अवजाराने दिवसभर वाकून निंदणी करावी लागे. त्यांच्या पाठी निकामी होत. त्यांनी लढा दिला आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. आपलं खुरपं तर त्याहून आखूड! उभ्याने चालवायचं सायकल कोळपं आपल्याकडेही मिळतं. पण ते आलं की बहुधा गड्याच्या हाती जातं, बाई खुरप्यावरच राहते. कापसाची वेचणी किलोवर असते, म्हणून पाठ सरळ करायला थांबलेली दहा मिनिटं बाईच्याच पदरातून जातात.

मैत्रिणींनो, व्यायाम जरूर शिकवूया. पण सोबत मागणीही ठेवूया: कामाच्या वेळेत, मजुरी न कापता विसावा; उभ्याने करायची अवजारं बाईच्या हातात; आणि घरच्या कामात, पाण्यात पुरुषांचा वाटा.

पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी मिळून व्यायाम केले. तीच बाई पाठ सरळ करत म्हणाली, "बरं वाटतंय. पण ह्याला मालक टाइम देईल का?"

हा प्रश्न आता तिचा एकटीचा राहू नये.