पाण्याखालचे छायाचित्र

गेल्या हिवाळ्यात माझा बारा वर्षांचा नातू मालवणच्या समुद्रात बुडी मारून आला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा, अशा थाटात तो एका पाणबुड्याचा हात धरून पाण्यात उतरला. माझे वय आणि माझा दमा या दोघांनीही मला परवानगी नाकारली. तेव्हा मी होडीतच बसून सिंधुदुर्गाच्या तटावरचे कोवळे ऊन पाहत राहिलो. वर येताच त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. छायाचित्र खरोखरच देखणे होते. त्याच्या मुखवट्याभोवती काळ्या पट्ट्यांच्या माशांचा नुसता गराडा पडला होता!

"इतके मासे तुझ्याचभोवती कसे रे जमले?" मी विचारले.

"त्या दादांनी पाव कुस्करून टाकला ना!" तो सहज म्हणाला.

मुलांनो, त्या छायाचित्रात समुद्र किती आणि पाव किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घोळतो आहे.

छायाचित्रे काढूच नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. समुद्राच्या पोटातले जग माणसाला घरबसल्या दिसले, ते कॅमेऱ्यामुळेच. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लुई बुताँ या शास्त्रज्ञाने १८९३ साली कॅमेरा पेटीत बंद करून पाण्याखाली नेला. १९२६ साली अमेरिकेतील फ्लॉरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. उजेडासाठी ते तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवीत; त्या खटाटोपात लाँगली भाजलेही. माशांना तो झगमगाट कसा वाटला असेल, हे मात्र छायाचित्रात उमटत नाही. पुढे १९४३ साली कूस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवरच्या टाकीतून बेताबेताने हवा पुरविणारे साधन सिद्ध केले, आणि माणूस माशासारखा मोकळेपणाने हिंडू लागला.

तरीही पाण्यातले छायाचित्रण सोपे नाही. पाणी प्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. म्हणून थोडे खोल गेले की लालभडक मासाही करडा दिसतो. मालवणचे पाणी अंदमानाइतके नितळही नाही. म्हणून छायाचित्रकाराला जवळ जावे लागते, आणि सारी गफलत येथेच होते. जवळ जाण्यासाठी आधार हवा, म्हणून एखादा नवशिका खडक समजून ज्यावर पाय टेकतो, ते प्रवाळ असते. प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत. ती वाढायला वर्षांमागून वर्षे लागतात, आणि मोडायला एक लाथ पुरते.

मासा जवळ येत नसेल, तर पाव! पण पाव हे काही माशांचे अन्न नव्हे. खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळाची जागा मोकळी ठेवणारे मासे शेवाळ सोडून होडीची वाट पाहू लागले, तर ते काम कोणी करावे? मालवणचा सागरी प्रदेश १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. अभयारण्यातल्या हरणांना कोणी छायाचित्रासाठी भजी चारू लागला, तर आपण त्याला काय म्हणू? पाव टाकणाऱ्या त्या तरुणाला मात्र मी दोष देणार नाही. त्याचे पोट या धंद्यावर आहे, आणि मासे दिसले नाहीत तर गिऱ्हाईक कुरकुरते. दोष आहे तो आपल्या घाईचा.

ही घाई मी किनाऱ्यावरही पाहिली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी २००२ सालापासून सागरी कासवांची अंडी जपली जातात. पिल्ले बाहेर आली की त्यांना वाळूवर सोडतात, आणि ती उजेडाच्या रोखाने, म्हणजे समुद्राकडे चालू लागतात. एका संध्याकाळी आम्ही सारे दोरीमागे उभे होतो. एक गृहस्थ दोरी ओलांडून वाळूवर पालथे पडले आणि त्यांनी कॅमेऱ्याचा दिवा लखकन पेटविला. एक पिल्लू थबकले, वळले आणि समुद्राकडे पाठ करून त्यांच्याकडे निघाले! गृहस्थांना छायाचित्र उत्तम मिळाले असणार. गावातल्या एका मुलाने त्यांना दिवा विझवायला लावला, तेव्हा कोठे ते पिल्लू पुन्हा वाट धरू लागले.

हे सारे मी नातवाला सांगितले. तो जरा हिरमुसला. "मग मासे पळून गेले तर फोटो काय पाण्याचा काढायचा?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पळून जाण्याचा माशाला अधिकार आहे, एवढेच मी म्हणालो. मग त्याचा कॅमेरा मागून घेतला आणि एकेक छायाचित्र पाहू लागलो. अगदी सुरुवातीला, पाव पाण्यात पडण्यापूर्वी, त्याने घाबरत घाबरत एक टिपले होते. हिरवट धूसर पाणी, खडकाची एक कपार आणि तिच्यात शिरणाऱ्या माशाची अर्धी शेपटी. "ते पुसून टाका, आजोबा, ते बिघडलंय," तो म्हणाला.

मी त्याची मोठी प्रत करून घेतली. माझ्या टेबलावर ती उभी आहे, आणि घरी पाहुणे आले की तो ती गुपचूप उलटी करून ठेवतो.