कालचा कोड आज का चालत नाही? जुन्या डॉक्युमेंटेशनची अडचण समजून घ्या

व्हिडिओ पाहून कोड जसाच्या तसा लिहिला, तरी स्क्रीनवर एरर! पायथॉन शिकणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. दरवेळी चूक शिकणाऱ्याचीच असते असं नाही. अनेकदा सॉफ्टवेअर बदललेलं असतं, पण ते कसं वापरायचं हे सांगणारं डॉक्युमेंटेशन जुनंच राहिलेलं असतं.

'पँडास'मध्ये काय झालं?

डेटा हाताळण्यासाठी जगभर वापरली जाणारी 'पँडास' ही मोफत लायब्ररी. तिच्यात तक्त्याला नवी ओळ जोडण्यासाठी 'अपेंड' ही कमांड होती. पण ती दरवेळी अख्ख्या तक्त्याची नवी प्रत बनवायची. लूपमध्ये वापरली की काम संथ व्हायचं.

जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या १.४ व्हर्जनपासून 'ही कमांड पुढे बंद होणार' असा इशारा दिसू लागला. एप्रिल २०२३ मध्ये २.० व्हर्जनमधून ती काढूनच टाकली. आता तिच्याजागी 'कॉनकॅट' वापरावं लागतं.

अधिकृत डॉक्युमेंटेशन बदललं. पण आधीचे ब्लॉग, व्हिडिओ, पुस्तकं आणि कॉलेजच्या नोट्स कोण बदलणार? एआय चॅटबॉटही जुन्या मजकुरावर शिकलेले असल्याने कधीकधी बंद झालेली कमांडच सुचवतात.

डॉक्युमेंटेशन मागे का पडतं?

कोड चुकला की प्रोग्रॅम थांबतो, लगेच कळतं. डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य चुकलं तर प्रोग्रॅमचं काहीच अडत नाही. अडतो तो वाचणारा, आणि तोही काही महिन्यांनी.

यावर उपाय काय?

डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणंही कोडसारखी तपासायची. पायथॉनमध्ये २००१ पासून 'डॉकटेस्ट' हे टूल आहे. ते लिहिलेलं उदाहरण चालवून बघतं आणि उत्तर जुळलं नाही तर चूक दाखवतं. रस्ट भाषेतही अशी सोय आहे.

पण टूल फक्त उदाहरण तपासतं. त्याभोवतीचं स्पष्टीकरण बरोबर आहे का, हे माणसालाच वाचून ठरवावं लागतं. म्हणूनच अनेक टीम्समध्ये कोडसोबत डॉक्युमेंटेशनही बदललं नसेल, तर तो बदल स्वीकारलाच जात नाही.

तुम्ही काय कराल?

आधी तुमच्याकडचं व्हर्जन बघा. मग त्याच व्हर्जनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडा. ट्युटोरियलची तारीख तपासा. आणि 'लवकरच बंद होणार' असा इशारा दिसला, तर कोड चालतोय म्हणून दुर्लक्ष करू नका. पुढच्या अपडेटला तोच कोड बंद पडू शकतो.