फार उशिरा आणली हो!

स्तनांच्या कॅन्सरने बाई गेली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "फार उशिरा आणली हो." डॉक्टर म्हणतात, नातेवाईक म्हणतात, दहाव्याला जमलेला गावही म्हणतो. वाक्य नीट ऐकले तर त्यात बाई स्वतः येत नाही, तिला कोणीतरी 'आणते'. उशिराचा दोष मात्र तिच्या एकटीच्या पदरात पडतो. "तिनंच अंगावर काढलं" असे म्हणून सगळे मोकळे होतात. हा उशीर नेमका कोणाचा, हा प्रश्न स्त्री-संघटनांनी आता उघडपणे विचारायला हवा. तो विचारण्यासाठी आधी आजाराची माहिती आपल्याजवळ पक्की हवी.

आजार समजून घेऊ

स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि ते दूध बोंडापर्यंत नेणाऱ्या नलिका असतात. बहुतेक वेळा या नलिकांच्या अस्तरातल्या पेशी बेसुमार वाढू लागतात आणि त्यांची गाठ बनते. पुढे हा आजार काखेतल्या गाठींत आणि तिथून हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू इथपर्यंत पसरू शकतो. स्तनापुरता असताना उपचार झाले तर बहुतेक बायका बऱ्या होतात. दूर पसरल्यावर आजार ताब्यात ठेवता येतो, पण मुळासकट काढणे सहसा जमत नाही. वेळेला महत्त्व आहे ते यासाठी.

भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आज हाच आहे. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने गेल्या. खेड्यात याचे प्रमाण शहरापेक्षा कमी आहे हे खरे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे, आणि खेड्यातल्या बाईला उपचार मिळणे शहरातल्या बाईपेक्षा अवघड आहे.

तो का होतो? बहुतेक बायकांच्या बाबतीत एकच एक कारण दाखवता येत नाही. वाढते वय हे मोठे कारण. पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, पहिले मूल उशिरा होणे किंवा न होणे, पाळी गेल्यावर वाढलेले वजन, दारू, पाळी गेल्यानंतर वर्षानुवर्षे घेतलेली काही संप्रेरके, यांनी धोका वाढतो. शंभरातल्या पाच ते दहा बायकांमध्ये तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होतो. आई, बहीण, मावशी किंवा आत्याला तरुणपणी हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. वडिलांकडच्या बायकाही मोजायच्या, हे पुष्कळदा विसरले जाते.

आता काय कारण नाही तेही सांगू. मार लागल्याने, घट्ट कपड्याने, करणीने, कोणाच्या नजरेने हा आजार होत नाही. तो संसर्गाचा नाही. त्या बाईचे ताट-अंथरूण वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही. अंगावर पाजल्याने धोका काही प्रमाणात कमी होतो हे शास्त्राने सिद्ध झाले आहे. पण म्हणून "पोराला पाजलं नाही, त्याचं फळ" असे आजारी बाईला ऐकवणे हा निव्वळ दुष्टपणा आहे. चार लेकरांना पाजलेल्या बायकांनाही हा आजार होतो.

कोणती लक्षणे पाहावीत

स्तनात किंवा काखेत लागणारी, बहुधा न दुखणारी कडक गाठ. एका स्तनाच्या आकारात नवा फरक. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. बोंड आत ओढले जाणे, त्यावर बरी न होणारी जखम किंवा खरूज, त्यातून रक्त येणे. स्तन लाल होऊन सुजणे आणि औषधाने न उतरणे.

यातले 'न दुखणारी' हे शब्द अधोरेखित करून ठेवावेत. आपल्याकडे दुखले तरच आजार, आणि काम थांबले तरच दुखणे. ही गाठ दुखत नाही, काम थांबवत नाही, म्हणून ती आजारात मोजलीच जात नाही. दुसरीकडे, स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही सांगितलेच पाहिजे. नाहीतर भीतीनेच बाई गाठ लपवते. गाठ कसली आहे हे हात लावून कोणालाही ठरवता येत नाही. हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी, या तिन्हींनी ते ठरते. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो हा समज चुकीचा आहे. पाजत्या बाईची गाठही 'दुधाची गाठ' म्हणून सोडून देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवावी.

उशिराचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाठ लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचे महिने कुठे कुठे खर्च होतात ते मांडून पाहू.

पहिले महिने लाजेत जातात. ही लाज बाईने जन्मतः आणलेली नाही. ती तिला शिकवलेली आहे. ज्या अवयवावरून शिव्या दिल्या जातात, बाजारात धक्के मारले जातात, त्याचे नाव तिने नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर कसे घ्यायचे?

पुढचे महिने कामात जातात. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने उचल घेतलेली असते. एक दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर पैसेही कापले जातात. दिवाळीनंतर लागलेली गाठ तिने पट्टा पडेपर्यंत दाखवायची नाही, हे कोणी बोलून न दाखवताही ठरलेले असते.

पुढचे महिने अंतरात जातात. आपला अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याहून नगरला यायचे तर शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता. सोबतीला माणूस हवे, त्याचीही मजुरी बुडते, आणि मग तो 'आणणारा' कधी मोकळा होईल तेव्हा.

उरलेले महिने आरोग्य व्यवस्था खाते. कागदावर सोय आहे. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या आराखड्याप्रमाणे तिशीवरच्या प्रत्येक बाईची तोंड, गर्भाशयमुख आणि स्तन यांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हायला हवी. आशाताईंच्या फॉर्ममध्ये स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येते का, असे प्रश्नही आहेत. पण सासू शेजारी बसलेली असताना विचारलेल्या प्रश्नाला सून काय उत्तर देणार? आणि फॉर्म भरणे म्हणजे तपासणी नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांची स्तनतपासणी कधीतरी झाली होती, त्यांचे प्रमाण देशभरात एक टक्क्याहूनही कमी निघाले.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. २०१९ साली आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. "कॅन्सर होईल" अशी भीती घालून तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याच्या तक्रारी होत्या. म्हणजे जिथे कॅन्सर नाही तिथे त्याच्या नावाने शस्त्रक्रिया लगेच होते, आणि जिथे तो असू शकतो तिथे साधा हातही लावून पाहिला जात नाही. बाईच्या शरीराची काळजी आणि बाईच्या शरीराचा व्यवहार यांतला फरक याहून स्पष्ट काय दिसणार?

हे बदलता येते

"खेड्यातल्या बायका ऐकत नाहीत" या सबबीला उत्तर आपल्या परिसरातच आहे. जामखेडला लागून असलेल्या भूम-परांड्यात आणि बार्शी तालुक्यात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या, असे १९९५ साली तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. जामखेडमध्ये तर १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले होते.

स्तनांच्या कॅन्सरबाबत याहून मोठा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, बायकांची हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या वस्त्यांत शंभरातल्या ४७ रुग्ण पुढच्या अवस्थेत सापडल्या, तपासणीच्या वस्त्यांत ३७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून तरुण बायकांसाठी लक्षणांची माहिती आणि गाठ लागल्यावर ताबडतोब निदान, यांना पर्याय नाही.

"दर महिन्याला स्वतःची तपासणी स्वतः करा" एवढे पोस्टर लावून सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही शास्त्रच सांगते. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार स्त्री-कामगारांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले : नुसत्या स्वतःच्या तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या शस्त्रक्रिया तेवढ्या वाढल्या. आपले शरीर आपल्या ओळखीचे असावे, पण पुढे तपासणारा शिकलेला हातही गावाजवळ असला पाहिजे.

उपचार आणि संमती

उपचारात शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार आणि संप्रेरकांवरच्या गोळ्या यांचा गरजेप्रमाणे मेळ घालतात. गोळ्या पाच वर्षे किंवा जास्तही घ्याव्या लागतात. "आता बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडू नयेत. गाठ लहान असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढावाच लागतो असे नाही. फक्त गाठ काढून पुढे किरणोपचार दिले तर बाई तितकीच जगते, हे अमेरिका आणि इटलीतल्या अभ्यासांनी १९८०च्या दशकातच दाखवले. पण किरणोपचारासाठी काही आठवडे शहरात राहावे लागते. तिथे राहायचे कुठे, घरी भाकरी कोण थापणार, धारा कोण काढणार, या प्रश्नांपायी तो पर्याय बाईसमोर ठेवलाच जात नाही. "या वयात काय करायचाय?" असेही म्हटले जाते. कोणता उपचार, याचा निर्णय वैद्यकीय माहितीवर आणि बाईच्या इच्छेवर व्हावा, घरच्यांच्या सोयीवर नव्हे.

संमती तिचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे की सज्ञान, निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती चालत नाही, आणि तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. तिथे बाई भुलीखाली असताना आईच्या संमतीने गर्भाशय काढले गेले होते. "मिस्टरांची सही आणा" म्हणून बाईला परत पाठवले गेले तर आपल्या कार्यकर्त्यांनी हा निकाल सांगावा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे; कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार तिच्यात बसतात. मात्र बुडालेली मजुरी आणि शहरात राहण्याचा खर्च ती भरून देत नाही, आणि बायका उपचार अर्धवट सोडतात त्या बऱ्याचदा यासाठीच.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. उपकेंद्रावर ठरलेल्या दिवशी, पडद्याआड, प्रशिक्षित बाईने करायची स्तनतपासणी. गाठ सापडली तर निदान कुठे आणि किती दिवसांत होईल याची लेखी चिठ्ठी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची निघण्यापूर्वी तपासणी, आणि आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापण्यावर बंदी. उपचाराच्या काळात रुग्ण आणि सोबतीण यांच्या राहण्याची सोय. या चार गोष्टी ग्रामसभेच्या ठरावात मांडता येतील, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारता येतील. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर लक्षणांची यादी मोठ्याने वाचायला तर कोणाची परवानगी लागत नाही. गाठ लागलेली बाई आपल्यातलीच एखादी असेल, तर नवऱ्याला सवड मिळायची वाट न पाहता दोघीतिघींनी तिच्याबरोबर एसटीत बसावे.