“मी घेत नाही, फक्त ग्लास थंड करून ठेवते”



मागच्या हिवाळ्यात न्यू जर्सीला मुलाकडे होते. एका शनिवारी त्याचे ऑफिसमधले मित्र यायचे होते. फ्रीझरमधून दांड्याचे ग्लास काढत सून म्हणाली, “आई, मी घेत नाही हं. फक्त ग्लास थंड करून ठेवते आणि लिंबाची साल काढून देते.” मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दलच आज लिहिते आहे.

मुलगा बनवत होता त्याला ड्राय मॅनहॅटन म्हणतात. 60 मिली राय व्हिस्की, 30 मिली ड्राय व्हर्मुथ, कडू अर्काचे म्हणजे बिटर्सचे दोन शिंतोडे. बर्फ घालून लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं आणि गाळायचं. फळांचा रस नसतो, म्हणून शेक करत नाहीत. ढवळलं की पेय नितळ राहतं. एवढ्या निगुतीने त्याने घरात कधी चहा केलेला मला आठवत नाही! या निगुतीमुळेच आपण फसतो. नीटनेटकं दिसलं की ते सोज्वळ वाटायला लागतं.

मग समर्थनं सुरू होतात. पहिलं, “आई, धान्याचीच तर आहे.” राय म्हणजे आपली राई नव्हे, ते गव्हाच्या जातीचं, थंड मुलखातलं धान्य. अमेरिकेच्या नियमाने या व्हिस्कीत वापरलेल्या धान्यात निदान 51 टक्के राय लागतं. ते यीस्टने आंबवतात, मग त्याचा अर्क काढतात. ‘स्ट्रेट राय’ असेल तर आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात निदान 2 वर्षं ठेवतात. आणि आपण? पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7 अशी बोटांवर मोजतो. नुसतं धान्याचं असून भागलं असतं, तर ही मोजणी कशाला? व्हर्मुथ तर वाइनच, आणि वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग किंवा माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरतात.

दुसरं, “एकच ग्लास, तोही मोजून.” चला, मोजूया. व्हिस्की 45 टक्क्यांची आणि व्हर्मुथ 18 टक्क्यांचा धरला, तर त्या एका ग्लासात सुमारे 32 मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे 25 ग्रॅम. अमेरिकेत ‘एक ड्रिंक’ म्हणजे 14 ग्रॅम. एक ग्लास म्हणता म्हणता जवळजवळ दोन पोटात गेले.

तिसरं, “बाहेर पिऊन गाडी चालवण्यापेक्षा घरी बरं.” यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण कमी वाईट म्हणजे चांगलं नव्हे. बाहेरचं व्यसन घरी आणलं की ते घरची रीत होतं, आणि पाच वर्षांची नात ती रीत टेबलाशी उभी राहून बघते.

मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांतला आहे; मद्य सप्त व्यसनांत आहे. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात त्याचा दोष सांगताना आधी मनावरच बोट ठेवलं आहे. हे आपल्याला पाठ असतं. विसरतो ते एवढंच, की आपल्याकडे कर्म तीन वाटांनी येतं: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, करवून घेणं, केलेल्याला मान डोलावणं. मग थंड ग्लास, सोललेली साल, ट्रेमधला बर्फ हे कशात बसतं? आणि सोफ्यावर गप्प बसलेली सासू?

म्हणून मला सुनेला बोल लावायचा नाही. तिला ‘नाही’ म्हणायला माझा आधार हवा होता, तो मी दिला नाही. पाहुणे गेल्यावर रात्री मुलाजवळ बसले. म्हटलं, “बाळा, तू मोठा आहेस, तुझं तू ठरव. पण या घरातल्या बायकांच्या हातून याची तयारी होणार नाही. पाहुण्यांना मी कोकम सरबत देईन, मसाला ताक देईन, पोटभर जेवू घालीन.” तो चिडला. दोन दिवस नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ग्लास त्याने स्वतः धुऊन वरच्या फळीवर ठेवले.

बाटली अजून त्या घरात आहे. खोटं कशाला सांगू? पण सुनेचे हात त्यातून मोकळे झाले.

तुमच्या घरी कुणी म्हणालं, “तू घेऊ नकोस, फक्त बर्फ आण,” तर उठू नका. भांडू नका, रडू नका. फक्त उठू नका.