मला डीजे व्हायचं नाहीये हो!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि जरा चिडून लिहितोय. नातेवाईकांपैकी कुणाला लागलं तर आधीच क्षमा मागतो. म्हातारा माणूस, त्यातून मास्तर. चुकलं तिथे लाल शाईने गोल करायची सवय अजून गेलेली नाही.

तर झालं असं. आमच्या दादाने (वय ८३, मुक्काम मिरज) फ्लॅटमध्ये राहायला जाताना आपल्या सगळ्या एलपी माझ्याकडे दिल्या. त्यात गीतरामायण आहे, नाट्यगीतं आहेत, भीमसेन आहेत. पोटाला चिमटा काढून जमवलेला तो संसार. देताना एवढंच म्हणाला, "वाजव, पण जपून." माझा जुना प्लेयर केव्हाच भंगारात गेला होता. हे कळल्यावर पुतणी आणि जावईबापूंनी दिवाळीला मला एक नवाकोरा प्लेयर दिला. छोट्या सुटकेसच्या आकाराचा, आकाशी रंगाचा. दिसायला गोजिरवाणा! भेट प्रेमाची होती, त्याबद्दल शंकाच नाही.

पण एक रेकॉर्ड लावली आणि 'स' आणि 'श' कानाला टोचायला लागले. मी सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा डिजिटल काटा मागवला आणि त्यावर पिन टेकवली. साडेपाच ग्रॅम! चांगल्या कार्ट्रिजला दोनच्या आसपास पुरतात. साडेपाच ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तो भार केसापेक्षा बारीक टोकावर येतो आणि तेच टोक खाचेतून घासत जातं. एकदा वाजवल्याने रेकॉर्ड मरत नाही हे खरं. पण जी आयुष्यभर पुरायची ती झिजायला लागते. मी त्या दिवसापासून ते आकाशी पेटीचं झाकण उघडलेलं नाही. जावईबापू, आज कारण कळलं ना? राग नव्हता हो.

मग मी ठरवलं, जुना जपानी डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायचा. बजेट पंचवीस हजार, पेन्शनीतून बाजूला काढलेलं. आणि इथूनच जाणकारांचा ससेमिरा सुरू झाला.

पहिली जमात म्हणते, "घ्यायचा तर टेक्निक्सचा एसएल-१२००, नाहीतर घेऊच नका." आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. पूर्वीच्या प्लेयरमध्ये मोटर जोरात फिरायची आणि पट्टा किंवा रबरी चाक लावून तिचा वेग थाळीपर्यंत कमी करून आणायचा. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या चमूने मोटरच अशी केली की ती थाळीच्याच संथ वेगाने फिरेल. मोटरचा दांडा हाच थाळीचा दांडा, मध्ये काही नाही. एसपी-१० हे ते यंत्र १९७० साली बाजारात आलं. त्यानंतर १९७२ मध्ये एसएल-१२०० आणि १९७९ मध्ये त्याचा एमके-२. क्लबमध्ये रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. २०१० साली उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये तो नव्या रूपात परत आला. या सगळ्यात त्याचं नाव इतकं मोठं झालं की जुन्या बाजारातल्या एका दुकानदाराने मला खिळखिळ्या टोनआर्मच्या, पिन नसलेल्या मशीनचे साठ हजार सांगितले!

मशीन उत्तम आहे, वाद नाही. पण त्याचा जड पाया आणि दणकटपणा कशासाठी कामाला येतो? भोवती माणसं नाचत असताना, हाताने थाळी मागेपुढे करताना. आमच्या दिवाणखान्यात कोण नाचणार आहे? मांजर आहे, पण ती झोपलेली असते.

आणि हे लोक सांगत नाहीत ती गोष्ट अशी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सोनी, पायोनियर, डेनॉन, यामाहा, जेव्हीसी, टेक्निक्स या सगळ्यांत अशी चढाओढ होती की मध्यमवर्गीय मॉडेलमध्येही चांगली डायरेक्ट ड्राइव्ह मोटर बसायला लागली. टेक्निक्सचेच एसएल-डी१, डी२, डी३ घ्या. यातला पहिला हाताने चालवायचा, दुसरा अर्धा आपोआप, तिसरा पूर्ण आपोआप. त्यांना कुणी मखरात बसवत नाही, म्हणून ते आपल्या आवाक्यात आहेत. नाव विकत घेणाऱ्याने नाव घ्यावं. मला रेकॉर्ड ऐकायची आहे.

दुसरी जमात पट्टेवाल्यांची. "डायरेक्ट ड्राइव्हचा आवाज कोरडा हो, पट्ट्यात गोडवा असतो." यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. पट्टा सैल झाला तर थोड्या पैशांत नवा बसतो, पण डायरेक्ट ड्राइव्हची एखादी जुनी चिप गेली तर ती मिळणं कठीण. म्हणूनच माझं मत असं की कमी बटणांचं, साधं मशीन बघावं. जितकं आपोआप, तितकं बिघडायला जास्त. पण गोडवा वगैरे म्हणाल, तर माझा मास्तरी हिशेब ऐका. एलपीचे मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. थाळीवर कागदाचा कपटा ठेवा, घड्याळ लावा आणि मोजा. १०६ फेरे झाले तर काळी एकचं गाणं पांढरी दोनला पोचलं! ज्याची पट्टीच चुकली, त्याचा गोडवा काय करायचा?

आता पंचवीस हजारांची वाटणी. मशीनला १३,०००, नव्या कार्ट्रिजला ५,०००, फोनो प्रीअँपला ३,०००, साफसफाई आणि तेलपाण्याला १,५००. उरलेले २,५०० काही निघालंच तर. सगळे पैसे मशीनवर उडवून जुन्या झिजलेल्या पिनेवर रेकॉर्ड लावणं म्हणजे आकाशी पेटीचाच मोठा भाऊ घरी आणणं.

घेण्याआधी बघायचं काय? थाळीच्या कडेच्या ठिपक्यांमधली पन्नास हर्ट्झची ओळ दिव्यात स्थिर दिसते का (आपली वीज थोडी हलते, म्हणून कपट्याची परीक्षाही घ्याच). टोनआर्म बोटाने हलवला तर सांध्यात खटखटतो का. वेगाचं बटण फिरवताना थाळी अडखळते का. अडखळली तर बहुधा आत मळ असतो, साफ होतो, पण तो सांगून किंमत कमी करता येते. आणि सर्वांत महत्त्वाचं, मागचा व्होल्टेज वाचा. खास जपानसाठीचं मशीन १०० व्होल्टचं असतं. आपल्या २३० ला जोडलंत तर धूरच. त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो.

मला शेवटी एसएल-डी२ मिळाला, चिपळूणला. एका गृहस्थांनी दुबईहून परतताना आणलेला, म्हणून २३० वर चालणारा. मुलांच्या लेखी माळ्यावरची अडगळ. पंचाहत्तरी उलटल्यामुळे एसटी फुकट, येताना मशीन मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, डीजे काय?"

कपट्याची परीक्षा झाली. शंभर फेरे, तीन मिनिटं. पिनेचा भार दोन ग्रॅम. मग गीतरामायणाची पहिली रेकॉर्ड लावली आणि दादाला फोन करून रिसीव्हर स्पीकरसमोर धरला. हल्ली त्याला नीट ऐकू येत नाही. तरी बाजू संपेपर्यंत त्याने फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाला, "पट्टी बरोबर आहे रे."

एक राहिलं. हे मशीन ७८ च्या जुन्या रेकॉर्ड वाजवत नाही. त्यांना वेग वेगळा आणि पिनही जाड लागते. दादाकडच्या तशा अकरा अजून कपाटात आहेत. कुणाला मार्ग माहीत असेल तर जरूर कळवा. फक्त एसएल-१२०० घ्या असं सांगू नका!