संपादनसंस्कार आणि आजचे मराठी लेखन

साहित्यकृतीच्या निर्मितीचा विचार मराठीत बहुधा प्रतिभा, अनुभव आणि सामाजिक वास्तव या संज्ञांच्या आधारे होत आला आहे. हस्तलिखित लेखकाच्या हातून सुटते आणि छापून येते, या दोन क्षणांच्या दरम्यान त्याचे काय होते, हा प्रश्न समीक्षेने दुय्यम, जवळजवळ कारकुनी मानला. परिणामी संपादक वाङ्मयेतिहासात नियतकालिकांच्या सूचीपुरता उरला. आणि आज तो प्रत्यक्ष व्यवहारातूनही मागे सरत असताना त्या घटनेची फारशी दखल घेतली जात नाही.

येथे 'सत्यकथे'चा उल्लेख अपरिहार्य ठरतो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी कथा केवळ स्वीकारली वा नाकारली नाही; लेखकाशी पत्रव्यवहार करून, शंका विचारून, प्रसंगी फेरलेखन करवून घेऊन तिच्या घडणीत भाग घेतला. १९८२ मध्ये हे मासिक बंद पडले तेव्हा एका अभिरुचीचे व्यासपीठ संपले, असे म्हटले जाते. त्याहून मोठी हानी ही की, हस्तलिखित सावकाश वाचून त्यावर सविस्तर लिहिणारा वाचक नवलेखकाला दुर्मीळ झाला.

या अभिरुचीला मर्यादा होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. कलाकृतीच्या सौष्ठवाची जी कसोटी तेथे लावली जाई, तीत अनेकांचे जगणे बसत नव्हते. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली, तिच्यामागे हा क्षोभ होता. मात्र त्या बंडाचा अर्थ 'संपादक नको' असा लावणे ही सोयीस्कर गैरसमजूत आहे. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'मधून दलित लेखकांच्या पिढ्या लिहित्या केल्या, ते संपादक म्हणूनच. लघुनियतकालिकांतून आलेले अशोक शहाणे 'प्रास प्रकाशना'तून अरुण कोलटकरांची पुस्तके काढताना अक्षरजुळणीपर्यंत जातीने लक्ष घालत राहिले. बंडखोरांनी जुन्या संपादकाची सत्ता नाकारली. संपादनाचे कष्ट मात्र स्वतःच्या अंगावर घेतले.

हे कष्ट नेमके कोणते, हे बोलीच्या प्रश्नात स्पष्ट दिसते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी (१९६२ मध्ये चौदा व १९७२ मध्ये आणखी चार) पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चारानुसार लिहिण्याची मुभा दिली. परंतु निवेदकच बोलीत बोलू लागला तर? भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) आणि आनंद यादव यांच्या 'गोतावळा'ने (१९७१) हा प्रश्न दोन वेगळ्या दिशांनी उभा केला. एक मुंबईच्या नाक्यावरून, दुसरा शेतगड्याच्या मळ्यातून. समजा, एखाद्या नव्या कादंबरीत निवेदक पहिल्या पानावर 'होता' म्हणतो आणि तिसऱ्या पानावर 'व्हता'. ही निष्काळजी आहे, की आज विचार करणारा निवेदक आणि आठवणीत शिरलेला मुलगा असे दोन आवाज येथे वेगळे होत आहेत? नियमपुस्तिका याचे उत्तर देऊ शकत नाही. मुद्रितशोधक दोन्ही रूपे एकसारखी करील, आणि तसे करताना कदाचित कादंबरीतील एकमेव नवी गोष्ट पुसून टाकील. उलट, कोणीच हात लावला नाही तर खरोखरची निष्काळजीही 'बोलीचा बाज' म्हणून गौरविली जाईल. लेखकाला हा प्रश्न विचारणे, आणि त्याचे उत्तर शंभर पाने पाळले गेले आहे की नाही हे पाहणे, यालाच संपादन म्हणावयाचे.

आजच्या प्रकाशनव्यवहारात या प्रश्नाला जागाच कमी उरली आहे. संगणकावर अक्षरे लेखकच जुळवितो, मोजक्या प्रती छापणे तंत्राने सुलभ केले आहे, आणि खर्चाचा भार लेखकाने उचलला की हस्तलिखित नाकारण्याचे वा रोखून धरण्याचे कारण प्रकाशकाला राहत नाही. दिवाळी अंकांची १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची परंपरा टिकून आहे. पण ठरल्या मुदतीत भरावयाच्या अंकात फेरलेखनास अवधी कोठून मिळणार? विद्यापीठीय जगही याला अपवाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या प्रकाशनांना गुणांक जोडले, तेव्हापासून पुस्तक 'येणे' हे पुस्तक 'होण्या'पेक्षा निकडीचे ठरले. (समीक्षाग्रंथांची स्थिती या बाबतीत ललित लेखनाहून बरी आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.)

याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. शहरातील, साहित्यवर्तुळात वावरणाऱ्या लेखकाला हस्तलिखित वाचून खरे बोलणारे चार मित्र मिळतात. घरात पहिल्यांदाच लेखणी धरणाऱ्या, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या तरुणाला असा वाचक मिळण्याचा मार्ग टपालाने येणारे संपादकाचे पत्र हाच होता. आज त्याच्या वाट्याला प्रकाशन समारंभ येतो, सत्कार येतो, क्वचित पुरस्कारही येतो. पण चौथे प्रकरण सैल पडले आहे हे त्याला कोणी सांगत नाही. ज्या लोकशाहीकरणाचा गौरव केला जातो, त्यातील ही विषमता झाकली जाते.

विद्यापीठीय विभागांना येथे काही करता येण्याजोगे आहे. नियतकालिकांवरील संशोधन सूची आणि आशयसूत्रांच्या पलीकडे गेले पाहिजे. मासिकात प्रथम छापलेली कथा आणि नंतर संग्रहात आलेली तीच कथा यांचे पाठ शेजारी ठेवून तपासले, तर लेखकाने काय गाळले, काय बदलले, हे शब्दागणिक दाखविता येईल. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे खंडशः प्रसिद्ध झाली आहेत. संपादकांच्या बाजूची पत्रे, खुणा केलेली हस्तलिखिते, दुरुस्त केलेली मुद्रिते यांच्याकडे अभ्यासकांचे तेवढे लक्ष गेलेले नाही. ही सामग्री घराघरांतील कपाटांत आहे, आणि ती कपाटे रिकामी करण्याची वेळ वारसांवर येतच असते.